धाकटीच्या हातचं

रक्तपेढीत माझं टेबल खिडकीजवळ नाही, बेसिनजवळ आहे. खिडकीजवळचं दोनदा मिळत होतं, मीच नको म्हटलं. उन्हात रंग फसवतात, आणि माझं काम सगळं डोळ्यांचं. एका माणसाच्या रक्तातला प्लाझ्मा घ्यायचा, दुसऱ्याच्या लाल पेशी घ्यायच्या, दोघांची नळीत गाठ घालून द्यायची आणि जमतंय का बघायचं. जमलं तर नळी हलवल्यावर रक्त सरळ पसरतं. नाही जमलं तर गुठळ्या होतात. आई असताना म्हणायची, "आमची पोरगी सोयरिकी जुळवते, पण स्वतःची तेवढी राहिली." बावीस वर्षं मी हेच करते आहे. चुकले नाही असं म्हणत नाही, पण चूक कुठे झाली हे मला दरवेळी सापडलं आहे. ही एक गोष्ट सोडून.

त्या पेशंटला सगळा वॉर्ड 'सर' म्हणायचा. निवृत्त मुख्याध्यापक. आयुष्यात दारूचा थेंब शिवला नव्हता, तरी यकृत निकामी झालं होतं. अंग पिवळं, पाय सुजलेले, पण रोज दाढी केलेली आणि बोलणं लोण्यासारखं. वॉर्डातल्या सूचनाफलकावरच्या शुद्धलेखनाच्या चुका ते पेन्सिलीनं दुरुस्त करत. नर्सेसना त्यांचं कौतुक होतं.

त्यांचा रक्तगट ओ. मूलबाळ नाही, बायकोचं हृदय कमकुवत. उरली एक धाकटी बहीण, तिचा गट ए. एकेकाळी यावर डॉक्टरांनी हात वर केले असते. ओ गटाच्या रक्तात ए गटाविरुद्ध अँटिबॉडी तान्हेपणापासून असतात. तसं यकृत बसवलं की शरीर त्याच्यावर तुटून पडतं. आता उपाय आहे. आधी एक इंजेक्शन देतात, मग मशीनवर लावून रक्तातला प्लाझ्मा काढून दुसरा भरतात, एक दिवसाआड, चार-पाच वेळा. दरवेळी अँटिबॉडी किती उरल्या ते मी मोजायचं. प्लाझ्मा दुप्पट पातळ, चौपट पातळ, आठपट, असा दहा नळ्यांमध्ये पातळ करत जायचा आणि शेवटची गुठळी कितव्या नळीत होते ते लिहायचं. सर्जनना एकास आठ किंवा त्याखालचा आकडा हवा होता. सरांचा पहिला आकडा एकास पाचशे बारा आला.

तिसऱ्यांदा प्लाझ्मा बदलला त्या दिवशी आकडा सोळावर उतरला. बहिणीच्या पेशी आमच्याकडे आधीच आलेल्या होत्या, त्याही लावल्या. तिथेही सोळाच. सकाळी साडेदहाला रिपोर्टवर सही केली आणि रॅक बेसिनशेजारी ठेवला.

बाराच्या सुमारास नळ्या टाकून द्यायला उचलल्या, तर दहाच्या दहा नळ्यांत गुठळ्या. सकाळी पहिल्या चारांतच होत्या. तळाशी वीटकरी रंगाचे कण, वर पाणी स्वच्छ. अकरावी नळी, ज्यात प्लाझ्मा नसतो, नुसत्या पेशी असतात, ती मात्र साफ.

शेजारच्या टेबलावरच्या सहकारी बाईला आम्ही 'शंकाबाई' म्हणतो. कुलूप लावून तीनदा ओढून बघणाऱ्यांतली. तिला दाखवलं.

"रॅकला धक्का लागला असेल," ती म्हणाली.

"धक्क्यानं गुठळी मोडते. होत नाही."

"मग तुझी सकाळची नजर चुकली."

"सहा-सहा नळ्यांत?"

तेवढ्यात नमुने घ्यायच्या खिडकीवर टकटक झाली. बाहेर एक बाई उभी होती, सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीसची, हातात फाइल. स्कॅनसाठी आली होती, जाता जाता रक्त देऊन जा म्हणून तिला पाठवलं होतं. सरांची धाकटी बहीण.

मी तिला खुर्चीवर बसवलं. तिची बोटं पाहण्यासारखी होती. टोकं गुळगुळीत, जवळजवळ रेषा पुसलेली. चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करते म्हणाली, अठ्ठावीस वर्षं.

"मोठ्या भावाला देताय. मोठं काम आहे," मी म्हटलं. सगळ्यांनाच म्हणते.

तिनं सुईकडे बघतच उत्तर दिलं. "एकतीस वर्षं माझ्या हातचं पाणी प्यायला नाही तो. आता म्हणे यकृत चालेल."

मी कापूस दाबला. तिनं दुसऱ्या हाताचं बोट त्यावर ठेवलं आणि स्वतःहून सांगायला लागली. तिच्या आवाजात रडं नव्हतं, इतकी वर्षं घासून घासून तिथे काही उरलंच नव्हतं. ती सोळा वर्षांची असताना आई आजारी होती. औषध द्यायचं काम तिच्याकडे. एका संध्याकाळी तिनं बाटलीतलं दोन चमचे औषध पाजलं आणि पहाटेपर्यंत आई गेली. बाटली चुकीची होती.

"दादा सगळ्यांदेखत म्हणाला, आईला हिनं मारलं. मी कुणाला सांगितलं नाही की बाटली दुकानातून त्यानंच आणली होती. लेबल मी वाचलं नाही, एवढा माझा गुन्हा. पण बाटली त्याची. ते त्यालाही माहीत आहे आणि मलाही. म्हणून तर माझं तोंड बघवत नाही त्याला."

"मग देताय कशाला?"

तिनं बाही खाली केली. "वहिनी पाया पडली. आणि खरं सांगू मॅडम? मी त्याच्या पोटात जाऊन बसणार. आता म्हणावं, काढून दाखव."

ती गेली. मी टेबलाशी परत आले आणि त्या फेकायच्या राहिलेल्या नळ्या उजेडात धरल्या. पाचवीपासून पुढच्या सगळ्या नळ्या पुन्हा साफ होत्या. रक्त एकसारखं, सरबतासारखं.

नासलेलं दूध पुन्हा दूध होत नाही. हे बावीस वर्षांत मी नव्या मुलांना शंभरदा सांगितलं असेल.

*

त्यानंतर मी केलं ते कुठल्या नियमात बसत नव्हतं, पण चुकीचंही नव्हतं. चौथ्यांदा प्लाझ्मा बदलला त्या दिवशी बहिणीला समुपदेशनासाठी तीन वाजता बोलावलेलं होतं. मी दोन वाजता नळ्या लावल्या. सरांचा प्लाझ्मा, बहिणीच्या पेशी. आकडा आला आठ. शेजारी दुसऱ्या एका ओ गटाच्या पेशंटच्या नळ्या लावल्या, त्याच पेशींबरोबर. मग दोन्ही रॅक टेबलावर ठेवून समोर बसले.

तीन वाजेपर्यंत काही झालं नाही. शंकाबाई चहा घेऊन आली.

"काय राखत बसलीयेस?"

"बस जरा."

तीन वाजून पाच-सात मिनिटं झाली असतील. चौथ्या नळीत तळाशी आधी एक दाणा दिसला. मग दुसरा. मग पाचव्या नळीत. माणसं रांगेत एकेक करून मान वळवतात तसं ते पुढे सरकत गेलं, दहाव्या नळीपर्यंत. कुणी हात लावला नव्हता. दुसऱ्या पेशंटचा रॅक होता तसाच.

शंकाबाईनं कप खाली ठेवला. मी स्वागतकक्षाला फोन लावला आणि विचारलं, यकृत देणाऱ्या बाई आल्या का.

"आत्ताच आल्यात. तीन-पाचची नोंद आहे."

शंकाबाईनं त्या दिवशी पहिल्यांदा काही तपासून पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं खिडकीजवळचं टेबल मागून घेतलं.

मी वॉर्डात जाऊन सरांचं रक्त स्वतः काढायचं ठरवलं. एरवी ते नर्स काढतात. सर उशीला टेकून बसले होते, मांडीवर घडी घातलेला पेपर. माझ्याशी छान बोलले. मी विचारलं, "बहिणीचं घेताय, मनाला बरं वाटत असेल?"

"माझी काही हरकत नाही," ते म्हणाले. जणू मी त्यांची परवानगीच मागितली होती. "जुनं किती दिवस धरून बसायचं? लोक म्हणतात देणारा मोठा. पण कधीकधी घेणाऱ्यालाच मन मोठं करावं लागतं."

"म्हणजे तुम्ही माफ केलंत."

"कधीच," ते म्हणाले आणि हसले. हातावरची शीर शांतपणे उडत होती.

त्या 'कधीच'चे दोन अर्थ होतात हे मला जिना उतरताना लक्षात आलं.

*

सर्जनना मी सगळं सांगितलं. केबिनमध्ये उभ्या उभ्याच. त्यांनी मध्ये तोडलं नाही, याचं मला बरं वाटलं. मग म्हणाले, "आत्ता आकडा किती आहे?"

"आत्ता आठ. पण बाई घरी गेल्यात म्हणून आठ आहे."

"तुम्ही हे असं लिहून द्याल?"

मी हातातल्या रिपोर्टाची घडी घातली.

"बाई, त्या माणसाकडे दहा दिवस आहेत. फार तर बारा. मला कागदावरचा आकडा द्या. बाकी ज्याच्या त्याच्या रक्तात जे असेल ते असेल." दाराशी गेल्यावर म्हणाले, "आणि दोन दिवस रजा घ्या. मी सांगतो तुमच्या साहेबांना."

मी रजा घेतली नाही. त्याऐवजी बहीण भरती व्हायला आली त्या दुपारी तिच्या खोलीत गेले. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी होतं. तिचा नवरा खिडकीशी उभा राहून चावीनं नारिंगाची साल काढत होता. शांत, अवघडलेला माणूस. मी तिला सांगितलं की मी नुसती मोजणारी आहे, डॉक्टर नाही, पण माझ्या मते हे जुळत नाहीये. अजून नाही म्हणता येतं. तशी सोय असते, कुणाला कारणही सांगत नाहीत.

"गुठळ्या होतायत?" तिनं विचारलं.

"तुम्ही या इमारतीत पाऊल टाकलंत की होतात."

तिला धक्का बसेल असं मला वाटलं होतं. ती हसली. तिच्या चेहऱ्यावर मी ते हसू पहिल्यांदाच बघत होते, आणि ते चांगलं नव्हतं.

"बघितलंत ना?" ती नवऱ्याला म्हणाली. "मी म्हणत होते. तोंडानं गोड बोलतो, पण रक्त खोटं बोलतं का?" मग माझ्याकडे वळून, "आता तर देणारच. कितीही तडफडू दे त्याचं रक्त. उद्या त्याला मुकाट गिळावं लागणार आहे."

नवरा म्हणाला, "अगं, मॅडम काय सांगतायत ते तरी..."

"तुम्ही नारिंग खा."

*

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी साडेसहाला सरांचा शेवटचा नमुना आला. बहीण दोन मजले वर होती, आदल्या दुपारपासून. मी नळ्या लावल्या तेव्हा मला माहीत होतं काय दिसणार. मी ठरवूनही ठेवलं होतं की या वेळी तेच लिहायचं, नोकरी गेली तरी बेहत्तर.

नळ्या साफ होत्या.

दहाही. अजिबात पातळ न केलेला प्लाझ्मा लावला, तोही साफ. पेशींची नवी बाटली उघडली. पुन्हा साफ. तिसऱ्यांदा केलं. ओ गटाच्या माणसात एक कणही नाही, असं प्लाझ्मा कितीही बदलला तरी होत नाही, थोडं उरतंच. मी अर्धा तास त्या नळ्या बघत बसले आणि मग आकडा लिहिला. शून्य. खालून सर्जनचा फोन आला, "शाब्बास बाई."

मला हायसं वाटलं, हे कबूल करते. त्याच्या रक्तातलं ते गेलं, एवढाच विचार मी केला. जातं म्हणजे कुठेतरी जातं, हे तेव्हा सुचायला हवं होतं.

ऑपरेशन अकरा तास चाललं. यकृत सरांच्या शरीरानं असं घेतलं की जणू त्यांचंच होतं आणि मधे कुठेतरी ठेवायला दिलं होतं. दुसऱ्या दिवशी डोळ्यांतला पिवळेपणा कमी झाला. तिसऱ्या दिवशी ते उठून बसले. सर्जननी विद्यार्थ्यांना आणून दाखवलं.

तिसऱ्याच दिवशी बहिणीचं हिमोग्लोबिन उतरायला लागलं.

टाके कोरडे, आत कुठे रक्तस्राव नाही. तरी रक्त कमी होत होतं. दोन पिशव्या मागवल्या म्हणून तिचा नमुना माझ्याकडे आला. ए गटाच्या बाईला ए गटाचं रक्त, यात जुळवायचं काय. मी तिचा प्लाझ्मा पिशवीतल्या पेशींशी लावला.

नळीत एकच मोठी गुठळी झाली.

दुसरी पिशवी. तिसरी. मग मी तिच्याच पेशी तिच्याच प्लाझ्माशी लावल्या.

तशीच गुठळी.

चिठ्ठी चुकली असेल, भावाची नळी बहिणीच्या नावानं आली असेल, असं वाटून मी वर गेले आणि स्वतः रक्त काढलं. ती पडून होती. नवरा चमच्यानं पाणी पाजत होता. दोन्ही हात तिनं चादरीवर अंगापासून लांब ठेवले होते, तळवे वर.

"स्वतः घ्या की हळूहळू," मी म्हटलं. "हात हलवायला हरकत नाही."

"माझ्या हातचं नको," ती म्हणाली.

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं. "शुद्धीवर आल्यापासून असंच," तो म्हणाला. "मी भरवलं तर खाते."

मी तिच्याजवळ वाकले. "कसं वाटतंय?"

"मी आईला मारलं," ती म्हणाली.

तिच्या आवाजात तो जुना कडवटपणा शोधला मी. सापडला. फक्त त्याची दिशा बदलली होती.

खाली येऊन नळ्या लावल्या. चिठ्ठी चुकली नव्हती.

*

डॉक्टरांनी त्याला नाव दिलं. शरीर स्वतःच्याच रक्तावर उलटतं, असा आजार असतो, पुस्तकात आहे. स्टेरॉइड दिली, प्लाझ्मा धुऊन काढलेलं ओ गटाचं रक्त दिलं. ती वाचली. नाव दिलं की लोकांना बरं वाटतं. मी म्हटलं की आदल्या आठवड्यापर्यंत तिच्यात याचा मागमूस नव्हता, माझ्याच सहीचा रिपोर्ट आहे. ते म्हणाले, होतं असं कधीकधी.

तीन महिन्यांनी दोघं तपासणीला एकाच दिवशी आले. यकृत कापलं तरी पुन्हा वाढतं, हे सगळ्यांना माहीत असतं. सरांच्या पोटातला तुकडा वाढून भरगच्च झाला होता. बहिणीचं, स्कॅनवाला म्हणाला, जेवढं ठेवलं होतं तेवढंच आहे. कापल्याची कड अजून सरळ दिसते.

सर आधी आत आले. गाल भरलेले, अंगावर नवा शर्ट. बरोबर बायको.

"धाकटीला म्हणतो, घरी येऊन राहा," ते म्हणाले. "येत नाही. काय झालंय तिला कळत नाही. लहानपणी फार हसरी होती हो." त्यांच्या डोळ्यांत खरंच काही नव्हतं. राग नव्हता, ओशाळेपण नव्हतं. धुतलेल्या काचेसारखे.

मला राहवलं नाही. "सर, ती औषधाची बाटली कुणी आणली होती?"

"कसली बाटली?" त्यांनी बायकोकडे पाहिलं. बायको जमिनीकडे बघत होती.

"मी आणली होती," मागून आवाज आला.

बहीण दाराशी उभी होती, नवऱ्याच्या आधारानं. खूप वाळली होती. दुकान सोडलं, नवरा म्हणाला. काचांना हात लावत नाही.

"तुम्ही मला वेगळं सांगितलं होतं," मी म्हटलं.

"तेव्हा खोटं बोलले असेन." तिनं ते इतक्या सरळपणे सांगितलं की क्षणभर मलाच शंका आली, मी नीट ऐकलं होतं ना.

सर पुढे झाले आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. थोरल्या भावानं ठेवावा तसा, मायेनं. ती डोळे मिटून उभी राहिली, अंग चोरून. मग ते बायकोबरोबर निघून गेले. कॉरिडॉरमध्ये कुणाशी तरी हसत बोलल्याचा आवाज येत होता.

मी तिचं रक्त काढलं. कापूस नवऱ्यानं दाबून धरला. त्याला औषधांच्या खिडकीवर बोलावलं म्हणून तो तिला "चल हळूहळू, मी पुढे होतो" म्हणून गेला.

ती उठली, फाइल काखेत धरली आणि दारापर्यंत गेली. दार ओढलेलं होतं, कडी लावलेली नव्हती. तिचे दोन्ही हात मोकळे होते. मी नळीवर नाव लिहीत होते. नाव लिहून झालं, तारीख लिहून झाली, वेळ लिहून झाली. वर पाहिलं तर ती अजून तशीच उभी होती, दाराकडे तोंड करून, कुणीतरी बाहेरून येऊन ते उघडेल म्हणून.